विहीर एक, पाळ्या दोन

१८ फेब्रुवारी, बुधवार

भांडण झालं. विहिरीवरच! आणि कारण माझं ॲप!

आप्पा मोटर चालू करायला गेले, तर तात्या आधीच स्टार्टरच्या पेटीपाशी उभे. सख्खे भाऊ, सामाईक विहीर. एक दिवस आमच्या कांद्याला पाणी, एक दिवस त्यांच्या उसाला. आज कुणाची पाळी यावरून वाद नको म्हणून मीच दोघांना ॲप करून दिलं होतं. हौस! आप्पांच्या अँड्रॉइडवर आज आप्पांची पाळी. तात्यांच्या आयफोनवर – त्यांच्या लेकीने, ऋतिकाने आपला जुना दिलाय – आज तात्यांची.

"पोरीनं बापाच्या बाजूनं लावलंय," तात्या म्हणाले. माझ्याकडे न बघता. फार लागलं.

आप्पाही कमी नाहीत – "आजपासनं बोलणं बंद!"

१९ फेब्रुवारी

सापडलं. परवा अमावस्या होती, ॲप दिल्यापासूनची पहिलीच. अमावस्येला आमच्याकडे मोटर लावत नाहीत. त्या दिवसाची पाळी पुढच्या दिवशी. हा नियम अँड्रॉइडच्या कोडमध्ये आहे, आयफोनच्या नाही! दोन ॲप वेगवेगळी लिहिली, त्यामुळे पाळी मोजायचं कामही दोनदा लिहिलं. आप्पा रोज जेवताना अमावस्येवरून टोकायचे, म्हणून त्यांच्यात घातला. तात्या कधी काही बोलले नाहीत, म्हणून राहिला.

म्हणजे तात्या अगदीच खोटं बोलले नाहीत. हे मी फक्त इथेच लिहू शकते.

२२ फेब्रुवारी, रविवार

ठरलं. स्क्रीन ज्याची त्याची राहील. पाळी मोजायचा कोड मात्र एकदाच लिहायचा, दोन्ही ॲपनी तोच वापरायचा. आईला समजावलं – तवे दोन असले तरी कणीक एकदाच मळायची.

"मंग आत्तापातूर दोनदा मळत हुतीस व्हय?"

आईला नोकरीवर घ्यायला पाहिजे.

२७ फेब्रुवारी

काही जमत नाही. तारखांसाठी जो तयार कोड वापरला होता तो अँड्रॉइडपुरताच निघाला. आयफोन त्याला दारातही उभं करत नाही. तारखांचं सगळं नव्याने लिहायचं. ऑफिसचं काम सांभाळून!

तात्या आज आमच्या दारावरून गेले. हॉर्नसुद्धा नाही वाजवला. एरवी वाजवल्याशिवाय जात नाहीत.

१ मार्च, रविवार

कारेगावला जाऊन मैत्रिणीचा, पूनमचा मॅक लॅपटॉप आणला. त्याशिवाय आयफोनचं ॲप तयारच होत नाही. पूनम म्हणाली, "सगळं गाव अँड्रॉइडवर, आन् तुझ्या एका चुलत्यापायी एवढी वरात?"

व्हय. एका चुलत्यापायी.

८ मार्च

झालं!! आप्पांचा फोन आणि मॅकच्या पडद्यावरचा नकली आयफोन शेजारी ठेवून वर्षभराच्या पाळ्या पाहिल्या. एकही दिवस वेगळा नाही. हुश्श! इतकं हलकं वाटलं की दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

तात्यांकडे गेले. खरं ते सांगितलं – नियम तुमच्यात घालायचा राहिला, चूक माझी. तात्यांनी नवं ॲप घालायला फोन पुढे केला. निघताना काकूने हातात शेवग्याच्या शेंगा दिल्या. माझ्यापुरतं मिटलं म्हणायचं.

त्या दोघांचं मात्र तसंच. पाण्याचं भांडण मिटलं, पण बोलणं सुरू झालं नाही. पेटीची किल्ली दगडाखाली ठेवून जातात, समोरासमोर येत नाहीत. त्याला कुठला कोड लिहू?

१८ मार्च

अमावस्या. दोन्ही फोनवर 'मोटर बंद'. विहिरीवर कुणी नाही. छान!

१९ मार्च, पाडवा

आज परत दोन्ही फोनवर 'अमावस्या, मोटर बंद'. पाडव्याला! तिथी आज सकाळपर्यंत लांबली होती आणि मी दोन्ही दिवस धरले. एकच कोड, त्यामुळे चूकही दोघांना सारखी.

गुढीला गाठी बांधत होते, तर दारात हॉर्न. तात्या गाडीवर, आणि मागे आप्पा! दोघं मिळून मला झापायला आलेले.

"ह्या पोरीनं आपल्या दोघांनाबी येडं बनवलं रं दादा," तात्या म्हणाले. आप्पांना म्हणाले!