काउंटरवरचा रविवार

चिखलदरा, ९ जुलै २००६

ती. सासूबाईंना,
शैलाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

इथे कामाला लागून महिना झाला. फोन पावसात मुकाच असतो, म्हणून पत्र. लॉजच्या काउंटरवर मी एकटी. सोमवार ते गुरुवार खोल्या रिकाम्या. शनिवार उजाडला की अमरावती, अकोला, नागपूर सगळं घाट चढून येतं. धुक्यामुळे पॉइंटवरून काहीच दिसलं नाही, ही तक्रारसुद्धा माझ्याकडेच. परवा एका काकांनी धुकं किती वाजता उठतं असं विचारलं. मी साडेदहा असं ठोकून दिलं.

जेवणघरात कॅरम आहे. मंगळवारी दुपारी एकटीच खेळते; दमट हवेत सोंगट्या सरकत नाहीत. १३ ऑगस्टला अमरावतीत जिल्ह्याची स्पर्धा आहे. मालक बद्रुद्दीनशेठ त्या महिन्यात एकच सुटी देऊ शकतात. स्पर्धेला गेले तर अकोल्याला येणं होत नाही, घरी आले तर स्पर्धा जाते. निधीला सोडून आल्याला महिना झाला, म्हणून घरी यावं असं वाटतं. तुम्ही म्हणाल तसं.

निधीचे बाबा कामाला असतात ते कापसाचं जिन यंदा तरी उघडेल का? निधी नीट जेवते ना?

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.
आपली, शैला


अकोला, १८ जुलै

चि. सौ. शैलाले,
माणिकबाईचे आशीर्वाद. (हात निधीचा, बोल माहे.)

कापूस आला तं जिन उघडन, नाई तं नाई. निधीचा बाप चिंतामण सध्या वलगावले, बहिणीच्या वावरात हात लावून राहिला. तिथं गाड्या भरून साहेब येतात, कागद भरतात, चालले जातात. एका साहेबानं त्यालेच पुसलं म्हणे, का कापूस झाडाले लागते का वेलाले.

निधी जेवते. तू निघतानी साऱ्या डब्यायवर हळद, तिखट, जिरं अशा चिठ्ठ्या चिकटवून गेली. मी साठ वर्षांपासून तिखटच खाऊन राहिली, मले ओळखू येते. त्या चिठ्ठ्या मी काढल्या.

सुटीचं काय घेऊन बसली? तू खेळाले जाय, आमीच अमरावतीले येतो. निधीले तुहा खेळ पाहाचा आहे. तिनं शाळेत साऱ्यायले सांगून ठेवलं. हॉलच्या दरवाज्यापाशी आमी बसून राहू.

जीव सांभाळून राय.
माणिकबाई


चिखलदरा, १५ ऑगस्ट

ती. सासूबाईंना,
शैलाचा नमस्कार. वि. वि.

तुम्हा दोघींना ताटकळत ठेवलं, क्षमा करा. शनिवारी दुपारी घाटात दरड कोसळली आणि रविवारी रस्ता बंद होता. बावीस खोल्यांत सत्तर माणसं अडकली. इथून निघणं शक्यच नव्हतं, आणि निरोप द्यावा तर फोनही बंद. निधीला सांगा, पुढच्या वर्षी नक्की.

राग मनात ठेवू नये.
आपली, शैला


अकोला, २१ ऑगस्ट

शैलाले आशीर्वाद.

हे माह्या हातानं लिवून राहिली. अक्षर वाकडं आहे, चौथीच शिकली मी. पण हे निधीच्या हातून लिवाचं नव्हतं.

आमी चार वाजेलोक बसलो. निधी घडीघडी रस्त्यावर जाऊन ये. एका बाईनं तिले आत बोलावलं, खेळतं का म्हणे, तं थे गेली नाई. मंग आमी बसस्टँडवर आलो. तिथं तुमच्या शेठची जीप उभी होती. शाकीब डायवर मले ओळखते, जूनमंदी तुही पेटी न्याले थोच आलता. त्यानं सांगतलं, का घाट सकाळी सात वाजताच खुला झाला. शेठनं तुले जाय म्हटलं, अन् थो जीप घेऊन अर्धा घंटा थांबला. निधी तवा भुट्टा घ्याले गेलती, तिनं आयकलं नाई.

नाई आली तं नाई आली. खोटं काहून लिवलं, एवढंच सांग.

माणिकबाई


चिखलदरा, २७ ऑगस्ट

ती. सासूबाईंना,
शैलाचा नमस्कार.

शाकीबभाई बोलले ते खरं आहे. मी चपला घातल्या होत्या, पिशवी हातात होती. काउंटरपुढे एकाचं बाळ तापलेलं, एका आजींच्या गोळ्या संपलेल्या, दोन कुटुंबांना एकच खोली दिलेली. मी पिशवी खाली ठेवली. तासाभरात बाळ दवाखान्यात पोचलं, गोळ्या मिळाल्या, खोल्यांचं जमलं. मग शेठ म्हणाले, आता निघा. सगळे मलाच विचारत होते आणि मला ते आवडत होतं. जीपचा हॉर्न ऐकू येत होता. तुम्ही दोघी दारात बसला असाल, हेही ठाऊक होतं. मला थांबावं लागलं नाही. मी थांबले. हे लिहायला हात धजेना, म्हणून दरडीवर ढकललं.

आणखी एक. शेठनी बारमाही काम देऊ केलं आहे, मागच्या दोन खोल्यांसकट. निधीला इथल्या शाळेत घालता येईल. तुम्हीही याल का, हे विचारायला आता तोंड उरलं नाही. शेठना अजून उत्तर दिलेलं नाही. हंगाम सप्टेंबरअखेर संपतो. मी काय करू?

तुमची, शैला


अकोला, ४ सप्टेंबर

चि. सौ. शैलाले अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. निधीले मी काई सांगतलं नाई. थे तुहं काम, समोर बसून कर.

तू खरं सांगतलं, तं मीही सांगते. तू या घरात आली तवापासून मले कशाले हात लावू देल्ला नाई. सारे म्हणत, माणिकबाईचं नशीब. मी ओसरीवर बसली अन् बसूनच म्हातारी झाली. आता बजार मी करते, निधीचा डबा मी करते, चिंतामणले दोन शब्द सुनावते. पाय दुखतात, पण झोप लागते. जूनमंदी तू गेली तवा साऱ्यायच्या डोळ्यात पाणी होतं. माह्या नव्हतं. मी डोळ्याले पदर लावून उभी राहिली, एवढंच.

बारमाही घेऊ नको. मी इथून हलत नाई, अन् निधी अकरा वर्षांची आहे. चार महिने थे आईबिगर काढते, बारा नाई काढणार. पावसाळ्याचे चार महिने दरसाल जाय, कोणी काई म्हटलं तं मी पाहून घेते. बाकी आठ महिने घरी राय. रविवारी खेळाले जात जाय. तुही कॅरमवाली सबीहा दोनदा पुसून गेली.

आक्टोबरात ये. आल्याबरोबर चुलीकडे जाऊ नको, स्वयंपाक आता मी देत नाई. निधीपाशी बस अन् सारं सांग. आयकल्यावर थे काई दिवस तुह्यासंग बोलणार नाई. तरी बसून राय.

माणिकबाई