सुनीताचा पडदा

३ ऑगस्ट
मधली खोली एकदाची मोकळी झाली. गव्हाचे कट्टे माळ्यावर गेले, सासूबाई दिवसभर पुटपुटत होत्या. आता ही श्रुतीची खोली. रंग कोणता देऊ विचारलं तर म्हणते, "तुम्हाला आवडंल तो द्या, काकू." आठ वर्षांची पोर आणि बोलणं पाहुण्यासारखं. हट्ट केला असता तर मी भांडले तरी असते.

लग्नाला तीन महिने झाले. ह्यांचं दुसरं, सुनीता गेल्यावरचं; माझं पहिलं. आयती पोर पदरात पडली की तिच्याशी कसं वागायचं हे मंठ्याला माहेरून निघताना कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं असं नाही. मला येतं ते एकच, भरतकाम. तर खोली त्यानंच सजवायची. ठरलं.

८ ऑगस्ट
श्रुतीला घेऊन जुन्या जालन्यात. उशीच्या अभ्र्यांसाठी दोसुती कापड, रेशमाच्या लड्या. दुकानदार तिला म्हणाला, "मम्मीला विचार की बेटा, कोन्ता रंग पायजे." ही लगेच, "मम्मी न्हाई, काकू हायेत." रागानं नाही, चूक दुरुस्त करावी तसं. मी उगाच भावावरून त्या दुकानदाराशी भांडले.
येताना बसमध्ये माझ्या खांद्यावर झोपली. म्हणजे काय समजायचं?

१३ ऑगस्ट
दिवाण उघडला तर तळाशी एक पडदा. झाड आणि झाडभर चिमण्या. झाड पूर्ण. चिमण्या मात्र कुठं भरलेल्या, कुठं नुसत्या निळ्या रेघांच्या, कुणाला चोच नाही, कुणाची फक्त शेपटी. सुई तशीच टोचलेली, गंजलेली.
सासूबाई म्हणाल्या, "सुनीताचाय. पोरीच्या खोलीसाठी काढल्ता. मंग दवाखानाच लागला मागं."
मी म्हटलं, आता?
"पुरा कर माय. मेलेल्या मानसाचं अर्धं काम घरात ठिवू न्हाई."
ह्यांना विचारलं. "तुला बराबर वाटंल तसं कर." ह्या वाक्याचा मला आजवर एकदाही उपयोग झालेला नाही.

१५ ऑगस्ट
करू की नको. सकाळी करू, दुपारी नको. माझे अभ्रे नवेकोरे पडलेत आणि मी दुसरीचं काम हातात घेऊन बसले आहे.

२० ऑगस्ट
घेतलं. श्रुती शाळेत गेली की काढते, यायच्या आत दिवाणात. तिला एकदम खिडकीवरच दिसला पाहिजे.
सुनीताचा साखळी टाका बारीक, घट्ट. माझा सैल, मोठा. दोन चिमण्या भरल्या नि उसवल्या, लगेच कळत होतं. तिसरी जमली. बाई फार नीटस होती. मला राग आला, मग रागाचं हसू आलं. काही असो, टाका तिचाच वठवायचा. ठिगळ नको दिसायला.

४ सप्टेंबर
झाला! रेघा जायला धुतला, सुईच्या गंजाचा डाग लिंबू-मिठानं काढला, इस्त्री केली. ह्यांना म्हटलं, ओळखा माझ्या कोणत्या. बिलकुल ओळखता आलं नाही. दिवसभर मी हवेत.

५ सप्टेंबर
शाळेतून आली. पडदा बघितला. दप्तर खांद्यावरच. जवळ गेली, चिमण्यांवरून बोट फिरवायला लागली, पुन्हा पुन्हा. मग, "काकू, मम्मीची लास्टची चिमणी कोन्ती?"
मी म्हटलं, कसली लास्टची?
"दवाखान्यात जायच्या दिशी मम्मीनं भरल्ती. दोरा मीच दिल्ता. तिला चोच न्हवती."
आता सगळ्यांना चोच आहे.
रडली नाही. आजीच्या अंथरुणात जाऊन झोपली. नवी खोली रिकामी.

तिला माहीत होता पडदा. दिवाण उघडून बघत असणार. आणि मी आश्चर्याचा धक्का द्यायला निघाले होते. देवा.

७ सप्टेंबर
उजेडात धरून बघितला. उलटी बाजू बघितली. दोरा संपला की तीही गाठ मारत नव्हती, मीही नाही. झाड तिचं, खालच्या फांदीवरच्या माझ्या, इतकं पक्कं. बाकी चोच नसलेल्या बऱ्याच होत्या, सगळ्यांना मीच चोची लावत गेले, आता त्यांतली ती कोणती?
सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "सगळं एका हाताचंच वाटून राह्यलं गं." चार दिवसांपूर्वी ह्या शब्दांसाठी मी पुरणपोळी घातली असती. आज तिथून उठून गेले.

१० सप्टेंबर
श्रुती अभ्यासही आजीपाशीच करते. मी वाढलं की जेवते, विचारलं की बोलते. ह्याच्यापेक्षा तिनं ताट फेकलं असतं तर बरं.
सासूबाई: "दाव की कोन्ती बी एक. लेकराचं समाधान."
हे: "आई म्हणते ते खरंय." मग थोड्या वेळानं, "पण खोटं बोलायचं का?" आणि बाहेर गेले.

१५ सप्टेंबर
अविधवा नवमी. सुनीता अहेव, ह्यांच्या आधी गेली, म्हणून तिच्या नावानं सवाष्ण जेवायला. स्वयंपाक माझा. ओटी मीच भरायची, असं सासूबाईंनी सांगितलं. तिच्या फोटोला कुंकू लावताना मनात एवढंच आलं: बाई, कुठं थांबली होतीस ते सांग. मी चोरायला गेले नव्हते गं. तुझ्यासारखं करायला गेले.
फोटोतली बाई छान हसते. त्याचा काही उपयोग नाही.

१६ सप्टेंबर
सांगून बसले.
श्रुती पडद्यापाशी उभी होती, पाठमोरी. "सापडली का?" एवढंच विचारलं. मला 'नाही' म्हणता आलं नाही. तिच्या डोक्याच्या उंचीला एक चिमणी होती, तिच्यावर बोट ठेवलं. ही.
"पक्कं?"
पक्कं.
तिनं चिमणीवर गाल टेकवला. मी स्वयंपाकघरात येऊन भाजी दोनदा खारट केली.

१९ सप्टेंबर
तिची उशी खोलीत आली. दप्तर आलं. आता तिथंच झोपते, पडदा ओढून चिमणी जवळ घेते. आज स्वतःहून म्हणाली, "हा पडदा आता धू नको हां तू. मम्मीचा हाताय त्याला."
'तू' म्हणाली मला. नाही धुणार, म्हटलं. सासूबाई खूश, हे खूश. मी मात्र त्या खोलीत पडद्याकडं पाठ करून झाडते.

२२ सप्टेंबर
घरात कोणी नव्हतं. त्या चिमणीवरून हात फिरवला आणि आठवलं. हिचं पोट भरताना शेजारच्या सुनंदावहिनी विरजण मागायला आल्या होत्या, मी दचकले, सुई बोटात गेली, रक्ताचा ठिपका दिसू नये म्हणून त्यावर जास्तीचा टाका घातला. तो टाका तिथं आहे. बोटाला लागतो.
चोच, पोट, शेपटी, सगळी माझी. पोर रोज माझ्याच चिमणीला गाल लावून झोपते.
सांगावं तर ती पुन्हा आजीकडं. न सांगावं तर सुनीताची खरी चिमणी वरच्या फांदीवर कुठंतरी, आणि तिच्याकडं कुणी बघतही नाही.
शाळा सुटायची वेळ झाली. पोहे भिजवलेत. फाटक वाजलं.