हिल्डा अगदी मजेत आहे

प्रिय आणि आदरणीय व्हर्नाताईस,

धाकट्या डोरीनचा मनापासून नमस्कार. ड्वेनचाही आहे, पण तो सध्या गाडीखाली पडून कसला तरी पाइप बघतो आहे, म्हणून त्याच्या वतीने त्याचे बूट नमस्कार करताहेत. तुझा खुबा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेल्या त्या उंच खुर्चीतच बसतेस ना? आत्ताही तिच्यातच बस आणि मग पुढे वाच. घाबरण्यासारखं काही नाही. हिल्डा अगदी मजेत आहे. हे मी आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे कुठे तुझ्या छातीत धडधडलं तर वर येऊन हेच वाक्य पुन्हा वाचता येईल. ऑपरेशनला जाताना तू माझा हात धरून म्हणाली होतीस, "डोरीन, माझा रॉय गेल्यापासून घरात हालचाल करणारं एवढंच एक उरलंय गं, सांभाळ तिला." तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. (हिल्डाच्या रविवारच्या फोटोंत सीटला हिरवं चौकडीचं कापड कधी घातलंत, असं तू विचारलंस. त्याच्याकडे मी येतेच आहे.)

तुला वाटत असेल, आम्ही मिनेसोटाच्या बर्फातून निघून अ‍ॅरिझोनाच्या उन्हात पाय पसरून बसलो आहोत. कसलं काय! या चाकांवरच्या घरात एक म्हातारा बहिरा कुत्रा आणि एक मांजर घेऊन निघणं म्हणजे प्रत्येक थांब्यावर जीव टांगणीला. दार उघडलं की मी किंचाळते, बंद केलं की पुन्हा किंचाळते. गस ठार बहिरा असल्यामुळे त्याला काही फरक पडत नाही आणि ड्वेन बहिरा नसूनही त्याला पडत नाही. भिंत बाहेर सरकवून आमची बैठकीची खोली मोठी होते ना, ती आत घेताना हिल्डा मधे चिरडली जाईल, या भीतीने मी प्रत्येक वेळी तिला पोटाशी धरून उभी राहते. ती मला ओरबाडते. माझे हात बघितलेस तर म्हणशील, ही गुलाबाच्या झुडपात पडली होती की काय!

तर न्यू मेक्सिकोत हमरस्त्यालगतच्या एका विश्रांतीच्या जागी आम्ही गसला फिरवायला थांबलो. वारा होता, म्हणून ड्वेनने मागे जोडलेल्या छोट्या मोटारीतून आपलं जाकीट काढून आणलं. पुन्हा निघालो. बऱ्याच वेळाने मी हिल्डाला खायला द्यायला उठले, तर हिल्डा नाही! पलंगाखाली नाही, न्हाणीघरात नाही, कपाटात नाही. मी ओव्हनसुद्धा उघडून बघितला. "ड्वेन, मांजर मागे राहिलं!" एवढं बोलून मी मटकन खाली बसले. माझ्या डोळ्यांपुढे तू दिसत होतीस, त्या उंच खुर्चीत.

आता मागे मोटार जोडलेली असली की ही धूडगाडी उलटी घेता येत नाही. म्हणून ड्वेनने एका दुकानाच्या आवारात ती उभी केली, गसला आत निजवलं, छोटी मोटार सोडवली आणि आम्ही तिच्यातून सुसाट मागे निघालो. वाटभर मी खिडकीतून "हिल्डा, हिल्डा" ओरडत होते आणि ड्वेन, ज्याने लग्नातसुद्धा पाद्रीबुवांनी विचारलं तेवढंच उत्तर दिलं होतं, तो मधूनच म्हणत होता, "व्हर्नाला काय सांगायचं?"

तिथे पोचताच मी ढसाढसा रडले. तिथली माणसंही आमच्यासारखीच, गाडीत घर आणि घरात जनावरं घेऊन फिरणारी. कुणी विचारपूससुद्धा केली नाही गं, सरळ काट्याकुट्यात वाकली. एका बाईने पोपटाचा पिंजरा बाहेर आणला, तर तोही पाच मिनिटांत "हिल्डा, हिल्डा" ओरडायला लागला. क्लेटन रॅमसी नावाचे टेक्सासचे एक म्हातारे गृहस्थ, गुडघा धरत, पण प्रत्येक कचरापेटीत डोकावत होते.

आणि मी रुमाल आणायला मोटारीशी गेले तर मागच्या सीटवरच्या घोंगडीखालून हिल्डा बाहेर आली आणि तिने जांभई दिली. (वर जाऊन ते वाक्य वाच.) ड्वेनने जाकीट काढायला दार उघडलं तेव्हाच ती आत शिरली असणार. म्हणजे हिल्डाला शोधायला आम्ही हिल्डालाच घेऊन गेलो होतो!

कुणीही शहाणा माणूस ओरडला असता, "सापडली!" पण आपली मिनेसोटाची माणसं कशी भिडस्त आहेत, तुला माहीत आहे. ड्वेनचा चेहरा पडला. "इतके लोक वाकलेत," तो पुटपुटला, "आता कुठल्या तोंडाने सांगायचं, की ती मोटारीतच होती?" मग त्याने हिल्डाला जाकिटात कोंबलं आणि हळूच एका झुडपाआड निघाला, म्हणजे तिथून ती "सापडेल" आणि कुणाचा वेळ फुकट गेल्यासारखा वाटणार नाही. मी अडवायला हवं होतं. मी काय केलं? मी त्याच्या जाकिटाची चेन वर ओढून दिली. झुडपाशी पोचला न पोचला तोच पलीकडे पिंजरा घेऊन वाकलेल्या त्या बाईचा पोपट कानाशी किंचाळला आणि हिल्डा ड्वेनची हनुवटी फाडून खरोखरच पळाली.

ताई, तेव्हा मला समजलं, मघाची भीती म्हणजे नुसती तालीम होती. समोर हमरस्त्यावरून ट्रक धडधडत होते. ड्वेन रक्ताळलेल्या हनुवटीने गुडघ्यांवर बसून रडत होता. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

पण देव आहे. रॅमसींच्या गाडीचं दार उघडं होतं आणि हिल्डा बाईसाहेब आत ड्रायव्हरशेजारच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. सुखरूप. एक ओरखडाही नाही. तर ही अशी हकीकत. तुझ्या तब्येतीला जप, चर्चमधल्या बायकांना सांग की डोरीन आठवण काढते आणि हिल्डाची काडीचीही काळजी करू नकोस.

तुझीच,
डोरीन

ता. क. हिरव्या चौकडीच्या कापडाचं राहिलंच. ते आमच्या गाडीतलं नाही. रॅमसींच्या बायकोने, ल्युसीलने, आपल्या सीटसाठी शिवलं होतं. ती गेल्यापासून त्या सीटवर कुणी बसलं नव्हतं. रॅमसी तिथे सामानही ठेवत नसत.

आणखी ता. क. ड्वेनने वरचं सगळं वाचलं आणि म्हणाला, "सरळ लिही." तर सरळ लिहिते. हिल्डा आमच्याकडे नाही. त्या दिवशी रॅमसी पायरीवरच थबकले होते. मग म्हणाले, "घेऊन जाताय, की राहू दे थोडा वेळ?" ड्वेन म्हणाला, "राहू दे, राहू दे, घाई काय आहे?" आपल्याकडे यावर समोरच्याने "छे छे, न्या हो" म्हणायचं, आपण पुन्हा "नको" म्हणायचं आणि तिसऱ्या खेपेला मांजर घ्यायचं. पण ते पडले टेक्सासचे! ते म्हणाले, "उपकार झाले," आणि दार लावून घेतलं. आता इथे अ‍ॅरिझोनात आमच्या शेजारच्याच जागेवर त्यांनी गाडी लावली आहे. रविवारचे फोटो मी त्यांच्या काचेतून काढते.

शेवटचं ता. क. फेब्रुवारीत तुला विमानात बसायची परवानगी मिळेल ना? तूच ये. आम्हा दोघांच्याने तिला परत मागवत नाही. अख्ख्या चर्चमध्ये पहिल्याच खेपेला "हो, केकचा अजून एक तुकडा वाढ" म्हणणारी तू एकटी. हिल्डा तुझी आहे. तू माग, ते देतील, एका शब्दाने अडवणार नाहीत आणि तेच मला बघवणार नाही. म्हणून मागायच्या आधी एकदा त्यांच्या गाडीतून चक्कर मारून ये. रॅमसी वाटेत तिच्याशी बोलत असतात. तुला मागच्या सोफ्यावर बसावं लागेल, उशी मी देईन. पुढची सीट भरलेली असते.