पोटाची डावी बाजू

९ नोव्हेंबर, रविवार
आमच्या सर्फ क्लबच्या, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरच्या जीवरक्षकांच्या, संचलन-पथकात मी अकरा वर्षे आहे. बारा जण, जुन्या धाटणीचा पोहण्याचा पोशाख, पुढे झेंडा; बँडच्या तालावर वाळूतून चालायचे. परीक्षक पाऊल, हात आणि रांग पाहतात, चुकीगणिक गुण कापतात. अचूकतेची कदर करणारी या देशातली ही शेवटची जागा. झेंडेकरी टेरन्स गुडघा बदलून घेतो आहे. १ मार्चच्या निवडीत झेंडा कुणाला तरी मिळेल. ‘कुणाला तरी’ हे केवळ विनयापोटी.

आमची प्रशिक्षक नोएलीन हॅच सरावानंतर म्हणाली, “लीथ, तुझं पाऊल वेळेवर पडतं रे, पण पोट दोन ठोके आधी पोचतं.” ती आणखी काही सांगणार होती. मला पुढचे सांगण्याची गरज नसते. निघालो.

दुसरा उमेदवार बॅरी कोवाल्ड. निवृत्त प्लंबर. पोट माझ्या दीडपट. चिंता नाही.

१२ नोव्हेंबर
ग्लेनिसने बिअर सोडण्याचा उपाय सुचवला. पत्नी म्हणून ती उत्तम आहे. उपाय प्राथमिक शाळेच्या पातळीचा.

१५ नोव्हेंबर
चरबी गोठवण्याच्या उपचारावर चौदा शोधनिबंध वाचले. (दोनांत व्याकरणाच्या चुका. लेखकांना कळवले.) तत्त्व देखणे आहे. चरबीच्या पेशी थंडीपुढे त्वचेच्या आधी हार मानतात. यंत्राचा पेला पोटाचा उंचवटा आत ओढून धरतो आणि पाऊण तास गोठवतो. पेशी मरतात, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत शरीर त्यांचा निचरा करते. सुरी नाही, सुई नाही, घाम नाही. त्या जागची साधारण पाचवा हिस्सा चरबी जाते. हे सामान्य माणसाचे. मी तिसरा हिस्सा धरला आहे.

२० नोव्हेंबर
क्लिनिक. ब्रिओनी नावाची नर्स, वय जेमतेम पंचवीस. तिने पोटाला चिमटा घेऊन पाहिला. म्हणाली, चिमटीत येते तेवढेच गोठते; तुमचे बरेचसे पोट स्नायूंच्या आत आहे, तिथे यंत्र पोचत नाही. माझे स्नायू भक्कम आहेत, असे तिला सुचवायचे होते.

दोन्ही बाजू आजच करू म्हणाली. मी नकार दिला. चाळीस वर्षे विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवले आहे. तुलनेसाठी हात न लावलेली बाजू नसेल तर त्याला प्रयोग म्हणत नाहीत. आज फक्त डावी. बारा आठवड्यांनी मोजमाप, मग उजवी. तिने दोनदा खात्री केली. लेखी दिले.

आधी ओढ, मग झोंबणारी थंडी, दहा मिनिटांत बधिर. पेला काढला तेव्हा पोटावर लोण्याची गोठलेली वीट उभी होती. ती तिने दोन मिनिटे चोळून मऊ केली. मी ओरडलो नाही. एक दीर्घ टिप्पणी केली.

घरी ग्लेनिस म्हणाली, म्हणजे बारा आठवडे तू एकाच बाजूने बारीक होणार? आक्षेप अशास्त्रीय. तपशील मात्र बरोबर.

१४ डिसेंबर
फरक नाही. अपेक्षितच. थोर गोष्टी सावकाश घडतात.

२६ डिसेंबर
काल हॅम, कोळंबी, क्रीम घातलेला पावलोव्हा केक दोनदा. नाताळात आहार बदलला तर प्रयोगाचे निष्कर्ष दूषित होतात.

१८ जानेवारी
सराव. फरक दिसतो आहे. पोशाखाच्या कमरेवरचा पांढरा पट्टा डावीकडे उतरतो, असे बॅरीचे म्हणणे. विचारत होता, “प्रोफेसर, सरळ चाललाय की वळताय? रांगेला कळवा तरी.” सगळे हसले. चूक शिवणाऱ्याची. पट्टा पुन्हा शिवायला दिला.

१ फेब्रुवारी
नवा शिवलेला पट्टाही उतरतो. शिंपी बदलला.

१२ फेब्रुवारी
बारा आठवडे पूर्ण. डावीकडची चिमटीची जाडी पाचव्या हिश्श्याने कमी. उजवी होती तशीच. प्रयोग दोन्ही बाजूंनी यशस्वी.

दुपारी: १ मार्चला सतरा दिवस उरले आहेत. उजव्या बाजूलाही बारा आठवडे लागणार. हे वेळीच माझ्या निदर्शनास आणणे ब्रिओनीचे काम होते. ग्लेनिसचेही. उद्या उजवी.

१७ फेब्रुवारी
उजवी बाजू सुजली आहे. फोनवर ब्रिओनी म्हणाली, असे होते, ओसरायला काही आठवडे लागू शकतात. शिस्तीत वाढलेले शरीर इतका वेळ घेत नाही. बारा दिवस दिले.

२४ फेब्रुवारी
शरीर वेळ घेते आहे.

१ मार्च
निवड. डावीकडे उणे, उजवीकडे अधिक. तोल साधण्यासाठी डावा खांदा किंचित उचलला, त्यामुळे हात उशिरा आला, त्यामुळे अकरा वर्षांत प्रथमच पाऊल चुकले.

झेंडा बॅरीला.

मी कारण लेखी मागितले. नोएलीनने शिट्टी गळ्यातून काढली आणि माझ्याशेजारी वाळूत बसली. म्हणाली, “बॅरीचं पोट मोठं आहे, लीथ, पण ते मधोमध आहे. तू सरळ चाललास तरी मला वाटतं, हा आता वळणार.”

मी टीकेनुसार सुधारणा केल्याचे तिच्या लक्षात आणून दिले. वर्गातले शेवटचे बाक पाहून मास्तर करतात तसा चेहरा तिने केला. “अरे, पोट कमी कर असं म्हणाले कुठे मी? तू मागे रेलून चालतोस, व्याख्यान द्यायला निघाल्यासारखा, म्हणून ते पुढे येतं. जरा पुढे झुक, एवढंच सांगायचं होतं. तू थांबलाच नाहीस.”

बारांतही नाही. सूज उतरेपर्यंत राखीव.

पुढे झुकून घरी आलो. पोट आत गेले.

१४ मार्च
राज्य स्पर्धा. संचलन सुरू होण्याची रेषा वाळूवर आखायला माणूस हवा होता. दोरी ताणून आखली. तीनदा पुसली, चौथ्यांदा निर्दोष आली. पहिल्याच पथकाच्या पायांखाली ती गेली.

पथक आमचेच होते.