सासूबाईंनी झाकलेली भिंत

प्रिय आई,

तुझ्या लुपेचा ऑकलंडहून नमस्कार. आम्ही मजेत आहोत. आमच्या छोट्या व्हिलीचा खोकला आता बराच कमी आहे, काळजी करू नकोस. तुझे गुडघे काय म्हणतात?

गळकं छप्पर बघायला आमचे घरमालक ग्रॅहमसाहेब एकदाचे उगवले. पण पाहुण्याला ओली भिंत दाखवायची या विचारानेच सासूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या लग्नात तू झाडाची साल कुटून केलेलं नक्षीचं कापड त्यांनी आदल्या दिवशीच भिंतभर टांगलं. वर अळूच्या पानांत शिजवलेलं मटण बशीत वाढलं. साहेब खाता खाता म्हणाले, "भिंत तर झकास आहे! उगाच कशाला बोंब मारता?"

मी कापड ओढून काढलं. मागे बुरशीने सगळं काळंकुट्ट.

तर हा दीडशहाणा म्हणतो, "घरात माणसं फार आहात तुम्ही. सगळे श्वास घेता, त्याची ही ओल."

म्हणजे आता श्वाससुद्धा रस्त्यावर जाऊन घ्यायचा!

सासूबाई उठल्या. जन्मात कधी पाहुण्यापुढचं ताट न उचललेल्या त्या बाईने त्याच्या हातातली बशी काढून घेतली. "पाहुणा समजून वाढलं होतं," एवढंच म्हणाल्या.

तुझ्या कापडाला बुरशीचा डाग लागलाय, निघेलसं वाटत नाही. मनाला लावून घेऊ नकोस. रस्त्याकडच्या कुंपणावर टांगलंय, डाग बाहेर करून. चर्चला जाणारे थांबून विचारतात, घर कुणाचं? सासूबाई तिथेच खुर्ची टाकून बसल्यात. प्रत्येकाला घरमालकाचं नाव सांगतात, आडनावासकट.

दादाला, वहिनीला आठवण सांग.

तुझीच,
लुपे