तैझला गेलेला आमचा डॉक्टर

१२ जाने. २०१७, गुरुवार
नबीलच्या पीएच.डी.च्या मौखिकीची तारीख लागली. २४, मंगळवार. जिना चढवत नाही हल्ली, तरी वर जाऊन पाठ थोपटून आलो. चार वर्षं झाली, हा येमेनी पोरगा आमच्या माडीवर राहतो. (पोरगा कसला, तेहेतीस उलटली.) विद्यापीठ इथून चालत दहा मिनिटं. प्रबंध आपल्या औरंगाबादच्या जुन्या नहरींवर, म्हणजे डोंगराच्या पोटातलं पाणी पंपाशिवाय गावात आणणारे बोगदे. त्याच्या तैझ गावाकडंही असेच बोगदे आहेत म्हणे, बुजलेले. प्रबंधातले सातही नकाशे माझ्या हातचे. तीस वर्षं पाटबंधाऱ्यात अनुरेखक होतो. हात हलतो आता, रेघ हलत नाही.

१५ जाने.
सकाळी ओट्यावर शेजारचे साळुंके, पेपर घेऊन. युद्ध म्हणजे त्यांना क्रिकेट. "तात्या, सौदीच्या मागं अमेरिका, त्या दुसऱ्या पार्टीच्या मागं इराण. रशिया अजून पॅड बांधून बसलाय. लई रंगणार बघा!"
नबील बादली घेऊन चालला होता, थांबला. मराठी समजतं त्याला. बोलतो मात्र शहागंजातली दखनी. "साळुंके चाचा, हमारी गल्ली में बम गिरा ना, उसके टुकड्यां पे अंग्रेजी थी. बंदूकां पे रूसी. पानी के टँकर पे क्या लिखते मालूम नै. टँकरच नै आया."
साळुंके सरकून बसले. "बस रे. चहा घे."
न.ची आई तैझमधे एकटी. दोन वर्षं गावाला वेढा. साठीची बाई वीस लिटरचा डबा घेऊन मशिदीच्या नळाला रांगेत. फोन लागला तर आठवड्यातून एकदा.

१९ जाने.
दिवेलागणीला लाईट गेली. मी चौथीच्या पुस्तकातली ओढ्याची कविता म्हटली. सगळी, चालीत, एक कडवं चुकलं नाही. न.नं त्याच्या शाळेतली म्हटली. शब्द एक कळला नाही, पण ताल तोच, बाकावर मूठ आपटायचा. पोरं सगळीकडं सारखीच घोकतात.
माझं ते मराठी पुस्तक अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतरचं, निजाम गेल्यावरचं. त्याआधी करमाडला गफूर मास्तरांकडं अलिफ-बे. मास्तरांची गोष्ट निघाली. ॲक्शनमागून सूड घ्यायला माणसं फिरायला लागली, तेव्हा वडिलांनी मास्तरांना आठ दिवस कडब्याच्या गंजीत लपवलं. पाण्याचा तांब्या न्यायचं काम माझं. भांडण हैदराबादचं आणि दिल्लीचं; मास्तरांनी जन्मात छडीशिवाय हत्यार धरलं नव्हतं. परत येताना भीतीनं धावत यायचो. पण नेलं पाणी. आठही दिवस.
सत्तर वर्षांत ही गोष्ट मोठ्या आवाजात आजच सांगितली.

२४ जाने., मंगळवार
झाला! डॉक्टर झाला!
सविस्तर लिहितो, विसरायला नको. आपल्याकडं मौखिकी म्हणजे अर्धं लग्नच. उमेदवाराची भावकी जीप करून येते, फेटे, पेढे, परीक्षकांना शाल-श्रीफळ. न.चं कोण येणार? सौ. म्हणाली, "आपण जायचं. साळुंक्यांनाही न्या, गर्दी दिसते." तिनं शंभर बाकरवड्या केल्या. मी काळा कोट घातला, नाफ्थालिनच्या वासासकट.
बाहेरचे परीक्षक खवट. तरी न. डगमगला नाही. नकाशा क्र. चार पडद्यावर आला तेव्हा साळुंके जोरात, "ह्यो तात्यांचा!" शिपायानं डोळे वटारले.
मग श्रोत्यांचे प्रश्न. कुणी विचारीना. मीच उठलो. कागदावर छान लिहून नेलं होतं, ते राहिलं खिशात. विचारलं एवढंच, "हे सगळं तुझ्या आईच्या उपयोगाचं आहे का?" मागं हसू. न. हसला नाही. म्हणाला, नहरीला डिझेल लागत नाही, वीज लागत नाही, ती डोंगराखालून येते, तेव्हा वरून कुणाचंही विमान गेलं तरी... आणि नकाशाकडं वळला. खवट परीक्षकांनी चष्मा काढला.
नंतर सत्कार. सूत्रसंचालन करणारा नेहमीचा कागद वाचत होता. वाचता वाचता म्हणाला, "आता उमेदवाराच्या आई-वडिलांनी मंचावर यावं." म्हणाला आणि जीभ चावली त्यानं. मी जमिनीकडं बघतोय. सौ.नं कोपर मारलं. "उठा. बोलावतायत."
गेलो. नारळ घेतला. न.नं दोघांच्या पायाला हात लावला. त्यांच्यात असं करत नाहीत, मला ठाऊक आहे.
साळुंके संध्याकाळपर्यंत गल्लीत सांगत होते, "आमचा डॉक्टर."

२ फेब्रु.
भांडलो. मलेशियात मास्तरकीची जागा मिळत होती, गाईडनं जमवलेली. न.नं नकार कळवला. तैझला जातो म्हणे.
मी ओरडलोच. "मरायला चाललास का? चार वर्षं शिकलास कशाला?"
"इसीच वास्ते, चाचा. मेरेकू बोगदा खोलनेका है."
"तुझ्या बोगद्यावर बॉम्ब टाकतील. ह्या मोठ्या देशांना तिथं गाव दिसत नाही, नुसती मोक्याची जागा दिसते."
"तुम गफूर मास्तर कू पानी दिए ना? डर लगा था ना?"
मी म्हटलं, ती गोष्ट वेगळी. जेवलो नाही. चूक माझीच, सांगायलाच नको होती ती गोष्ट.

३ फेब्रु.
सौ.: "अहो, मास्तरांना लपवताना तुमच्या वडिलांना तुमच्या आजीनं अडवलं नसंल का?"
दुपारी ट्रेसिंग पेपरचं भेंडोळं काढलं. न.ला बसवलं. सगळे नकाशे नव्यानं, मोठ्या मापात करायला घेतले. उतार, झडपा, हवा खेळती ठेवणारे उभे बंबे. खाली सूचना. इंग्रजीतल्या त्यानं सांगितल्या, मी लिहिल्या; अरबीतल्या त्यानंच लिहिल्या. लिपी मला वाचता येते, अर्थ कळत नाही. वाचत बसलो तरी.

११ फेब्रु., शनिवार
गेला. मुंबई, अम्मान, एडन, तिथून डोंगरातनं गाडी. सौ.नं दशम्या दिल्या. साळुंक्यांनी आपली आर्मीतली पाण्याची बाटली दिली आणि लगेच पाठ फिरवली.
निघताना माझ्या हातात एक अधिकारपत्र. पदवीदानाला तो नसणार, तेव्हा त्याच्या वतीनं पदवी मी घ्यावी. "तुमीच लेना, चाचा. दुसऱ्या कू नक्को देना."

८ मार्च
फोटो आला!! गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात जुनी नहर सापडली. बारा माणसांनी सतरा दिवस उकरली. पाण्याची धार करंगळीएवढी, पण धार. शेजारी न.ची आई, डब्यासकट, कॅमेऱ्याकडं रागानं बघतेय. रांगेत पहिली.
कुणाच्या बाजूचं पाणी ते, असं विचारायला एक बंदूकवाला आला होता म्हणे. न.ची आई म्हणाली, "डोंगराच्या." त्यानंही बाटली भरून घेतली.
फोटो साळुंक्यांना, दूधवाल्याला, मेडिकलवाल्याला दाखवला. दूधवाला म्हणाला, "लई मोठं काम केलं हो पोरानं." व्हय. लई मोठं.

२६ मार्च
अठरा दिवस न.कडून काही नाही. पेपरात तैझचं दोन ओळींत. डोंगराच्या बाजूला मारा, "हानीचा तपशील उपलब्ध नाही." वरच्या ओळीत न्यूयॉर्कला, युनोत, कुणीतरी ठरावाविरुद्ध हात वर केला. साळुंके हल्ली मोठ्यानं वाचत नाहीत. घडी घालून खाली ठेवतात.
ओढ्याची कविता म्हणायला बसलो. तिसऱ्या कडव्याला अडलो. असं कधी झालं नव्हतं.

११ एप्रिल, मंगळवार
उद्या पदवीदान. आज पास घ्यायला विद्यापीठात गेलो, काळ्या कोटात. खिडकीवरचा बाबू तरुण, शहाणा वाटला. अधिकारपत्र वाचलं, शिक्का शोधला. मग पेन थांबवून म्हणाला, "बाबा, विचारावं लागतं म्हणून विचारतो. उमेदवार हयात आहे ना? नसला तर फॉर्म दुसरा आहे, मरणोत्तरचा."
दोन्ही फॉर्म त्याच्या हाताशी. मागं रांग.
मी म्हटलं, "आहे."
इतक्या मोठ्यानं की रांगेतली पोरं वळून बघायला लागली. त्यानं मान हलवली, फॉर्म पुढं सारला. मी सही केली. सगळी, पूर्ण नावानं. रेघ हलली नाही.
सौ.ला घरी काय झालं ते सांगितलं. तिनं कोटाला इस्त्री करायला घेतली.
उद्या साडेदहाला. त्याच्या भूगर्भशास्त्राचा नंबर दुपारून लागेल. नाव पुकारतील, डॉक्टर नबील, आणि मी उठेन.