बॉनेटखालचा बार आणि गेलेली टकटक

डिचोली, रविवार संध्याकाळ

टकटक बंद झाली, हे मान्य. पण ती बारमुळे? माझा विश्वास बसत नाही.

माझा मेव्हणा दत्ता मोरजी गावात गॅरेज चालवतो. काल त्याने आमच्या जुन्या गाडीच्या बॉनेटखाली एक लोखंडी बार आडवा बसवला. म्हणाला, "भावोजी, जुनी बॉडी खड्ड्यात पिळवटता, म्हणान आवाज येता. हो बार तिका घट्ट धरतलो." वर म्हणे, गाडीच्या खालूनही एक घालूया. दुसऱ्या बारची एवढी घाई का?

आज मुद्दाम पाळी गावाचा रस्ता धरला, खनिजाच्या ट्रकांनी उखडलेला. गाडी गप्प. मग बारचा मधला दांडा सोडवून मागच्या सीटवर ठेवला आणि त्याच खड्ड्यांतून पुन्हा नेली. तरीही गप्प! मग हा बार करतो काय?

घरी बायकोने विचारलं, "गाडीतलो गणपती खंय गेलो?" डॅशबोर्डवरची पितळेची मूर्ती खरंच नव्हती. दत्ताला फोन केला.

"ग्रीसाच्या हातांनी देवासमोर काम कसा करू? आधीच फडक्यात गुंडाळून समोरच्या कप्प्यात ठेवलो आसा."

गणपती जागेवर बसवला. बैठक सैल होती, बोटानेसुद्धा हलत होती. कोपऱ्यापर्यंत गाडी नेली. टकटक, टकटक.

बार उद्या परत. दत्ताला हे ठाऊक होतं का, तो संशय काही जात नाही. पण त्याला विचारू कुठल्या तोंडाने? वर्षभर रोज सकाळी उदबत्ती लावून, गाडीचा हा आवाज घालव म्हणून मी गाऱ्हाणं घालत होतो, ते त्या गणपतीलाच.